नळीच्या पलीकडे कोण?

आमच्या महाळुंग्यात घड्याळापेक्षा कंपन्यांच्या बसवरून वेळ कळते. पहिल्या पाळीचे लोक तळेगाव-चाकण रस्त्यावर उतरले की थोड्या वेळाने माझ्याकडे शिकवणीची मुलं जमायला लागतात. मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार अशा कुठून कुठून आलेल्या कामगारांची ही मुलं. भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत वाढणारी. कुणी मराठी पक्कं करायला येतं, कुणी उर्दू. अभ्यास सुरू होण्याआधी दहा-पंधरा मिनिटं त्यांचा खेळ चालतो आणि मी चहा पितो.

मध्यंतरी त्यांनी एक नवा खेळ काढला. एकाने शंभर पानी वही गुंडाळून तिची नळी करायची आणि एक डोळा मिटून तिच्यातून बघायचं. दुसऱ्याने तोंडाने संगीत वाजवत समोरून आडवं चालत जायचं, मध्येच गर्रकन वळायचं आणि बोटाची बंदूक करून ‘ठो’ म्हणायचं. मग तिसरा नळीवाल्याच्या डोळ्यांसमोर एक लाल ओढणी सोडतो आणि नळीवाला मरून पडतो. मी बघत होतो आणि हसतही होतो. साठ वर्षांपूर्वी लंडनमध्ये तयार झालेलं दृश्य कुठल्या कुठल्या मोबाईलमधून फिरत फिरत आमच्या गल्लीत येऊन पोहोचलं होतं.

चार-पाच दिवसांनी सातवीतला एक मुलगा खेळ सोडून माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, “सर, दर वेळी नळीवाला मलाच करतात. म्हणतात, तू अतिरेकी हो, तुला जमतं.”

त्या मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते कुठल्या तऱ्हेचं नाव असेल हे वाचणाऱ्याने ओळखलंच असेल, आणि दुखणं नेमकं तिथेच आहे. त्या संध्याकाळी मी त्याची समजूत काढली, पण माझी स्वतःची निघाली नाही. म्हणून हा लेख. हेरपटाच्या सुरुवातीची ती दोन मिनिटं आणि पडद्यावर सर्वांत आधी उमटणारं ते चिन्ह कुठून आलं, ते काय सांगतं आणि कोणाला काय ठरवून टाकतं, याचा थोडा इतिहास बघू.

मुलांच्या खेळातलं मूळ दृश्य 1962 सालचं आहे. त्या वर्षी जेम्स बाँडचा पहिला चित्रपट ‘डॉक्टर नो’ आला. त्याची नामावली मॉरिस बाइंडर या कलाकाराने केली. निर्मात्यांना भेटायला जायची घाई होती, तेव्हा किमतीची गोल पांढरी लेबलं कागदावर चिकटवून त्याने कल्पना मांडली, असं तो सांगत असे. पडद्यावरून सरकत जाणारे ते पांढरे ठिपके म्हणजे बंदुकीच्या गोळ्या. शेवटचा ठिपका उघडतो आणि आपण बंदुकीच्या नळीतून बघू लागतो. हे दृश्य त्याने खऱ्याखुऱ्या बंदुकीच्या नळीतून घेतलं. साध्या भिंगाने नळीची पूर्ण लांबी स्पष्ट येत नव्हती म्हणून सुईच्या छिद्राचा कॅमेरा वापरला. गंमत अशी की पहिल्या तीन चित्रपटांत नळीसमोरून चालणारा माणूस शॉन कॉनरी नव्हताच. तो बॉब सिमन्स नावाचा स्टंटमन होता. 1965 च्या ‘थंडरबॉल’च्या वेळी रुंद पडद्यासाठी दृश्य पुन्हा घ्यावं लागलं, तेव्हा कुठे कॉनरी स्वतः चालला.

या दृश्यावर एक प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. नळीच्या या टोकाला कोण आहे? हेर तर समोरून चालतोय. त्याच्यावर नेम धरून बसलाय तो मारेकरी, आणि आपल्याला जे दिसतं ते त्या मारेकऱ्याच्या डोळ्याने. म्हणजे पडदा उजळला की पहिल्या क्षणी प्रत्येक प्रेक्षक शत्रूच्या जागी बसलेला असतो. हेर वळतो, गोळी झाडतो, वरून रक्त ओघळतं आणि शत्रू मरतो. मगच आपण सुटून नायकाच्या बाजूला जाऊन बसतो. बाइंडरच्या नळीला ना देश होता ना धर्म. तिच्यातून बघणाऱ्याचा चेहरा दिसतच नाही. इंग्रज बघो, जपानी बघो, महाळुंग्याचा मुलगा बघो, त्या क्षणापुरते सगळे सारखे.

आणि त्या दृश्यामागे वाजणारी जगप्रसिद्ध धून? तिचं मूळ आपल्याकडच्या माणसांच्या गोष्टीत आहे. संगीतकार मॉन्टी नॉर्मन याने ती आधी एका संगीत नाटकासाठी केली होती. नाटक होतं व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवर बेतलेलं, म्हणजे त्रिनिदादला गेलेल्या भारतीय कुटुंबांवरचं. ते नाटक झालं नाही. चाल पडून होती. तीच त्याने बाँडसाठी काढली, जॉन बॅरीने तिची मांडणी केली आणि व्हिक फ्लिकने गिटार वाजवली. इंग्लंडच्या सगळ्यात इंग्रज हेराची ओळखधून एका स्थलांतरित हिंदुस्तानी घराच्या गोष्टीतून आली. पोट भरायला गाव सोडून खोली भाड्याने घेणाऱ्या आमच्या गल्लीला यात काही नवल वाटू नये.

आता चिन्हाबद्दल. मी भाषेचा मास्तर आहे, त्यामुळे आधी शब्दांकडे बघतो. एखाद्या गोष्टीवर अखेरची मोहोर उठली की आपण मराठीत म्हणतो ‘शिक्कामोर्तब झालं’. शिक्का आणि मोर्तब हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले. ‘जासूद’ही तसाच, अरबी ‘जासूस’चं मराठी रूप. शिवकाळातल्या बहिर्जी नाईकांना जुन्या मराठीत जासूद म्हणत. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा उमटे आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा. पत्र कोणाचं हे वरची मुद्रा सांगे, आणि मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये, हे खालची. चित्रपट कंपनीचं बोधचिन्ह ही अशीच माथ्यावरची मुद्रा आहे. गोष्ट सुरू होण्याआधी ते सांगतं की बोलणारा कोण आहे.

महाराष्ट्रात अशी सर्वांत गाजलेली मुद्रा प्रभात फिल्म कंपनीची. तुतारी फुंकणारी स्त्री. 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात ही कंपनी उभी राहिली आणि 1933 मध्ये पुण्याला आली. तिचे पाच संस्थापक होते: व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी आणि एस. फत्तेलाल. यातला ‘एस.’ म्हणजे शेख. कोल्हापूरचे शेख फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेला हा कलावंत. प्रभातच्या कलाविभागाची धुरा त्यांच्याकडे होती. 1936 चा ‘संत तुकाराम’ दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे 1940 मध्ये याच जोडीने ‘संत ज्ञानेश्वर’ केला. 1941 च्या ‘शेजारी’त मिर्झा नावाच्या मुसलमान शेजाऱ्याची भूमिका गजानन जागीरदारांनी केली. त्याची हिंदी आवृत्ती ‘पडोसी’, तिच्यात हिंदू ठाकूर झाले मजहर खान आणि मिर्झा पुन्हा जागीरदारच.

महाळुंग्याहून तासा-दीड तासावर, पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभातची ती जागा आजही आहे. 1960 पासून तिथे फिल्म इन्स्टिट्यूट चालते. मराठी पडद्यावर जी तुतारी घुमली तिच्या पाच मालकांपैकी एक मराठी मुसलमान होता, हे आमच्या किती मुलांना ठाऊक आहे? आमच्या किती मोठ्यांना ठाऊक आहे? मला स्वतःला बी.एड. होईपर्यंत ठाऊक नव्हतं. ‘एस. फत्तेलाल’ हे नाव मी कितीदा वाचलं होतं, पण त्या ‘एस.’ची फोड करून बघावी असं कधी वाटलंच नाही.

दुसरी मुद्रा मेहबूब खान यांची. मेहबूब प्रॉडक्शन्सच्या चित्रपटाच्या आरंभी विळा-हातोडा यायचा आणि त्याच वेळी भारदस्त आवाजात एक उर्दू शेर ऐकू यायचा, अल्लाहच्या मर्जीवरचा भरवसा सांगणारा. विळा-हातोडा आणि खुदा एकाच चौकटीत! मेहबूब कम्युनिस्ट पक्षाचे नव्हते. कष्टकऱ्याचं चिन्ह म्हणून त्यांनी ते घेतलं आणि श्रद्धेचा शेर जोडला. भारतातल्या प्रेक्षकाला त्यात काही खटकलं नाही. पण 1957 च्या ‘मदर इंडिया’ची आखूड आवृत्ती पश्चिमेकडे पाठवायची वेळ आली तेव्हा हे चिन्ह काढून टाकण्यात आलं. तो शीतयुद्धाचा काळ. हेरांच्या गोष्टींना जगभर बहर आला होता तोच हा काळ. चित्रपट एका शेतकरी आईचा, त्यात हेर औषधालाही नाही, पण निशाणीच संशयित ठरली.

म्हणजे चिन्हाचं काम दुहेरी असतं. ते ओळख देतं आणि त्याच ओळखीवरून संशयही घेता येतो. हे ध्यानात ठेवून आपल्याकडच्या हेरपटांकडे वळू.

बाँडची लाट हिंदीत पोहोचली ती तेलुगूमार्गे. 1966 च्या ‘गूढाचारी 116’वरून 1967 मध्ये ‘फर्ज’ आला. जितेंद्र एजंट 116 झाला. 007 सारखा आकडा पाहिजेच! 1968 मध्ये रामानंद सागर यांचा ‘आँखें’ धर्मेंद्रला घेऊन आला आणि तुफान चालला. 1977 मध्ये राजश्रीने ‘एजंट विनोद’ काढला. त्याआधी पडद्यावर राजश्रीची मुद्रा, म्हणजे वीणाधारी सरस्वती, आणि लगेच मागून पिस्तूल! 1979 च्या ‘सुरक्षा’त मिथुन चक्रवर्ती गनमास्टर जी-9 झाला. यांच्या नामावलीत रंगीत ठिपके, नाचणाऱ्या आकृत्या, बंदुका, बाँडची उघड नक्कल. हसू यावं असं बरंच काही. पण आज मागे वळून बघताना एक गोष्ट जाणवते. त्यांतला शत्रू बहुधा कुठल्यातरी ‘परकीय शक्ती’चा असायचा. चकाकता अड्डा, लाल दिव्यांची बटणं, विचित्र कपडे घातलेला म्होरक्या. तो आपल्या गल्लीत राहणारा कुणी आहे असं वाटत नसे.

हे फक्त पडद्यावर नव्हतं. आमच्या घरी अब्बांच्या ट्रंकेत इब्ने सफी यांच्या कादंबऱ्या होत्या. 1952 मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली, त्याच वर्षी लेखक कराचीला गेले. 1955 पासून ‘इम्रान सीरीज’. फाळणी झालेल्या दोन देशांत एकाच लेखकाच्या हेरकथा भाड्याने आणून वाचल्या जात होत्या. कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद, चेहऱ्यावर वेडगळ भाव घेऊन फिरणारा इम्रान. त्या पानांत हेर मुसलमान, हवालदार मुसलमान, चोरही मुसलमान. त्यामुळे नावावरून चोर ओळखायची सोयच नव्हती! वाचकाला शेवटच्या पानापर्यंत डोकं चालवावं लागे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ने वाचकाला तेच शिकवलं. संशय सगळ्यांवर, आरोप पुराव्यानंतर.

फरक पुढे पडत गेला. 1999 च्या ‘सरफरोश’मध्ये पाकिस्तानचं नाव उघडपणे घेतलं गेलं. त्याच वर्षी कारगिल घडलं, त्यामुळे लोकांच्या मनात ते खोल बसलं. शेजारी देशाच्या कारवाया खऱ्या होत्या, त्यात माणसं मेली, त्यावर चित्रपट निघू नयेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्या चित्रपटात इन्स्पेक्टर सलीम आहे, विश्वास न ठेवला जाण्याची त्याची तडफड आहे, आणि ती प्रामाणिकपणे दाखवली आहे. पण त्यातला शत्रूचा हस्तक कोण? गझल गायक. उर्दूच्या मास्तराला हे कसं लागलं असेल, तुम्हीच विचार करा. ज्या मैफलीत सगळे एकत्र बसून दाद देत होते, ती मैफलच अड्डा ठरली.

त्यानंतरच्या बऱ्याच हेरपटांची सुरुवात आता एका ठरीव साच्यात होते. पडद्याच्या कोपऱ्यात टकटक आवाज करत अक्षरं उमटतात: शहराचं नाव, तारीख, वेळ. मागे मिनार. दूरवर अजान. बाजार, टोप्या, दाढ्या, पिवळसर धुरकट उजेड. अजून कुणी काही केलेलं नसतं. एक शब्दही बोललेला नसतो. पण थिएटरातल्या प्रत्येकाला कळलेलं असतं की इथे काहीतरी वाईट शिजतंय. बाइंडरच्या नळीत बघणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. या नव्या सुरुवातीने तो चेहरा भरून दिला. अजान माझ्यासाठी दिवसाचं वळण आहे. कामावरून आलेल्या माणसाने हात-पाय धुऊन दोन क्षण शांत व्हावं, एवढंच सांगणारी हाक. तीच पडद्यावर धोक्याची घंटा म्हणून वाजते तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीतला माणूस काय शिकून बाहेर पडतो?

चित्र एकरंगी नाही, हेही सांगायला हवं. यशराजने जानेवारी 2023 मध्ये आपल्या हेरपटांसाठी वेगळं बोधचिन्हच आणलं आणि 2012 चा ‘एक था टायगर’, 2017 चा ‘टायगर जिंदा है’, 2019 चा ‘वॉर’ आणि नवा ‘पठाण’ एका मुद्रेखाली आणले. आता या चार चित्रपटांत काय आहे? ‘पठाण’ लाहोरमधल्या एका जनरलपासून सुरू होतो, पण गोष्टीतला खरा खलनायक निघतो तो आपल्याच हेरखात्यातला जुना माणूस. नायक हा थिएटरात सोडून दिलेलं अनाथ पोर. आपण जन्माने कोण हे त्याला ठाऊक नाही, ‘पठाण’ हे नाव त्याला अफगाण गावकऱ्यांनी प्रेमाने दिलेलं. ‘वॉर’मधला खालिद वडिलांच्या गद्दारीचा डाग पुसायला धडपडतो. मला खालिद आवडतो, पण त्याला बघून थकवाही येतो. दुसऱ्या नायकाला एकदाच सिद्ध व्हावं लागतं, खालिदला दर सकाळी. 2018 च्या ‘राझी’तली सेहमत मात्र वेगळी. ती काश्मिरी मुसलमान मुलगी देशासाठी हेरगिरी करते आणि चित्रपट तिच्या निष्ठेवर नव्हे, तिने मोजलेल्या किमतीवर बोट ठेवतो.

आणि कल्पित गोष्टी बाजूला ठेवल्या तर खरी माणसंही आहेत. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने संगीतशाळा काढणारे मौलाबख्श, त्यांचे नातू सूफी संगीतकार हजरत इनायत खान, आणि इनायत खान यांची मुलगी नूर. टिपू सुलतानाच्या वंशातली. 1914 मध्ये मॉस्कोत जन्मली, पॅरिसजवळ वाढली. मुलांसाठी तिने जातककथांचं पुस्तक लिहिलं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या गोष्टी. ते 1939 मध्ये निघालं. जून 1943 मध्ये ती ब्रिटनची गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली. त्याच ऑक्टोबरात पकडली गेली. 13 सप्टेंबर 1944 रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली. वय 30. मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला 1949 मध्ये, आणि लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा पुतळा बसला तो 2012 मध्ये. ‘अ कॉल टू स्पाय’ या 2019 च्या चित्रपटात तिची भूमिका आपल्या पुण्याच्या राधिका आपटेने केली. नूर कुठल्याही बंदुकीच्या नळीसमोरून संगीताच्या तालावर चालली नाही. खऱ्या नळीसमोर मात्र उभी राहिली.

त्या मुलाला मी हे सगळं एकदम सांगितलं नाही. सातवीतल्या पोराला तारखांची पेंड चारून काय होणार? पुढच्या शनिवारी मी सगळ्यांनाच गोल बसवलं आणि विचारलं, “नळीतून बघतो तो कोण असतो?” सगळे ओरडले, “अतिरेकी!” मी म्हटलं, “कशावरून? तो दिसतो का?” सगळे गप्प. मग त्यांना बाइंडरची गोष्ट सांगितली. पांढऱ्या लेबलांची, सुईच्या छिद्राची, आणि प्रत्येक प्रेक्षक क्षणभर नळीच्या या टोकाला असतो त्याची. एक मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे सर, टीव्हीसमोर माझे पप्पा पण?” म्हटलं, “पप्पा पण. मी पण.” बराच वेळ सगळे आपापल्या पप्पांना मारेकरी करून हसत होते.

मग साहेबमामांचं नाव फळ्यावर लिहिलं. मराठीत आणि उर्दूत, दोन्ही लिपींत. त्याखाली नूरचं. उर्दू न येणाऱ्या मुलांनीही ते उजवीकडून डावीकडे गिरवून बघितलं.

खेळ बंद करा असं मी सांगितलं नाही. खेळ बंद केला की तो माझ्या नजरेआड, पाण्याच्या टाकीमागे चालू राहतो, हे वीस वर्षांच्या मास्तरकीत कळलंय. एवढाच नियम घातला: जो या वेळी हेर झाला, त्याने पुढच्या वेळी नळी धरायची. कुरकुर झाली. दोघे जण चिडून घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

एवढ्याने सगळं बदललं, असं म्हणायचा भाबडेपणा मी करणार नाही. ही मुलं रोज रात्री मोबाईलवर जे बघतात ते माझ्या एका नियमापेक्षा फार मोठं आहे. शिवाय नियम मुलांना लावता येतो. कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याचं नाव ऐकून जरा सरकून बसणाऱ्या मोठ्या माणसांना कोण लावणार? पण निदान आमच्या ओट्यावर तरी आता नळी एकाच मुलाच्या हातात राहत नाही. काल ती माझ्याच हातात आली. मुलांनी हट्टाने वही गुंडाळून दिली. मी एक डोळा मिटून बघितलं. समोरून तोच मुलगा तोंडाने धून वाजवत ऐटीत चालत येत होता. तो वळला, ‘ठो’ म्हणाला, आणि मी चहाचा कप बाजूला ठेवून मुकाट्याने मरून पडलो.